मोटारखान्यातील कर्मशाळा

आपल्या समाजात लेखणीला जो मान लाभला, तो रंध्याला आणि कानशीला फारसा लाभला नाही. तलवार घेऊन उत्तरेत आलेल्यांच्या हाती पुढे दौत-लेखणी आली, आणि दरबारी नोकरी, वकिली, शिक्षकी या वाटांनी आपली कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे स्थिरावली. त्यांच्या जुन्या घरांचे माळे शोधले तर पोथ्या सापडतील, तंबोरे सापडतील, कायद्याची बाडे सापडतील. धार लावून ठेवलेली पटाशी मात्र क्वचितच हाती लागेल. खिडकीची बिजागरी निखळली की सुतारास निरोप धाडावयाचा आणि तो येईपर्यंत ती सुतळीने बांधून ठेवावयाची, ही आपली रीत.

तरीही हस्तकौशल्याचा वारसा आपणांस अगदीच परका आहे असे म्हणता येणार नाही. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली काढलेले सायकलींचे लहानसे दुकान हे एका मोठ्या उद्योगाचे मूळ ठरले. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले, ते कला आणि यंत्रविद्या यांचे शिक्षण लोकांना मिळावे म्हणूनच. आमच्या ग्वाल्हेरास माधवराव महाराजांना यंत्रांचा व आगगाडीचा केवढा शौक! जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर धावणारी त्यांची चांदीची आगगाडी पाहून लहान-थोर सारेच हरखून जातात. हे सारे पाहता, घरातील एक कोपरा हत्यारांसाठी राखून ठेवणे म्हणजे आपल्या परंपरेला सोडून काही करणे नव्हे, असे मला वाटते.

असा कोपरा पुष्कळांच्या घरी आयताच असतो. लष्करातील जुन्या वाड्यांच्या दर्शनी बाजूस पूर्वी बग्गीखाना असे, त्याचा पुढे मोटारखाना झाला. आता नवी रुंद मोटार त्यात शिरत नाही, आणि शिरली तरी तिची दारे उघडत नाहीत. मग तेथे मोडक्या खुर्च्या, जुने कूलर आणि वर्तमानपत्रांची रद्दी नांदू लागते. आमचा मोटारखाना दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. निवृत्तीनंतर तो मोकळा करून तेथे लाकूडकामाची व किरकोळ लोखंडकामाची कर्मशाळा थाटावयास मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत जे शिकलो, आणि जे शिकताना थोडक्यात बचावलो, ते वाचकांच्या कामी यावे म्हणून हा लेख.

आधी पायाखालची जमीन

हौशी मनुष्य प्रथम हत्यारे विकत घेतो. माझा अनुभव असा, की प्रथम जमिनीकडे पाहावे. मोटारखान्याची जमीन मोटारीसाठी केलेली असते, माणसासाठी नव्हे. तिला दाराकडे उतार असतो, तिच्यात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, आणि पावसाळ्यात तिच्यातून ओल वर येते.

सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे चांगला सिमेंटचा कोबा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग बारीक खडी असा माल घेऊन सुमारे दीड इंच जाडीचा थर द्यावा. सारी जमीन एकसंध न ओतता तिचे लहान लहान चौकोन पाडावेत व मध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवाव्यात. सिमेंट सुकताना आकसते. चौकोन पाडले तर तडे पट्टीच्या रेषेत राहतात, वाटेल तसे फिरत नाहीत. कोबा झाल्यावर निदान सात दिवस, शक्य तर दहा दिवस, त्यावर पाणी धरून ठेवावे. गवंडी घाई करतो व मालकही घाई करतो. पण पाण्यावाचून राहिलेला कोबा पुढे जन्मभर पीठ सोडतो, आणि ती धूळ यंत्राच्या तेलात मिसळली की तीच खरकागदाचे काम करू लागते. उतार अगदी काढून टाकू नये. दहा फुटांस इंचभर उतार राहिला तर धुतलेले पाणी दाराबाहेर जाते. मेजाच्या आणि यंत्राच्या पायांखाली पाचरी देऊन ती समपातळीत आणता येतात.

फरशीची आवड असणाऱ्यांसाठी उत्तरेत कोटा दगड, तर हैदराबाद आणि बेळगावकडे शहाबादी किंवा तांदूरची फरशी सहज मिळते. हे सारे चुनखडीच्या जातीचे दगड. ते कठीण व थंड असतात आणि झाडावयास सोपे जातात. मात्र आम्ल त्यांना खाते. मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतील आम्लाचे चार थेंब पडले की जागच्या जागी फेस येतो आणि दगडाला कायमचा डाग पडतो. कोब्याचीही गत तीच. म्हणून बॅटरी नेहमी प्लास्टिकच्या तसराळ्यात ठेवावी. आमच्याकडील वालुकाश्म अंगणात शोभतो. कर्मशाळेत तो तेल पिऊन काळा पडतो. गुळगुळीत चकचकीत टाइल्स तर येथे मुळीच नकोत. त्यांवर लाकडाचा भुसा पडला की पाय घसरतो, आणि हातोडी पडली की टाइल फुटते.

अलीकडे एपॉक्सीचा लेप पुष्कळ लोकप्रिय झाला आहे. दोन द्रव्ये एकत्र करून तो लावतात. तेल त्यात मुरत नाही, जमीन उजळ दिसते आणि पडलेला स्क्रू चटकन सापडतो. पण तो लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कोबा नवा असेल तर त्याला निदान २८ दिवस झालेले असावेत. जुना असेल तर त्यातील तेल पूर्णपणे काढून पृष्ठभाग घासून खरखरीत करावा, कारण तेलकट किंवा गुळगुळीत जमिनीस लेप चिकटत नाही. आणि ओल तपासावी. दीड फूट चौरस प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर पक्का चिकटवून एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. कागदाखाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर एपॉक्सीचा नाद सोडावा. ओल त्या लेपाला फोड आणून सोलून काढील. लेप ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरली तर तो निसरडा राहत नाही.

आमच्या जमिनीने ही परीक्षा दिली आणि ती नापास झाली. म्हणून आम्ही साध्या कोब्यावरच समाधान मानले, आणि मेजापुढे मात्र फळ्यांचा तीन फूट रुंद पाट टाकला. हा पाट म्हणजे माझ्या मते साऱ्या सजावटीतील सर्वांत शहाणपणाचा खर्च. त्यावर उभे राहिले असता पाय दुखत नाहीत, थंडी तळपायांतून वर चढत नाही, आणि हातातून निसटलेल्या पटाशीची धार शाबूत राहते.

मेज, उजेड आणि वीज

मेजाची उंची ज्याची त्याने ठरवावी. सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटाशी जी उंची येते, तेथे मेजाची फळी असावी. बहुतेकांस ती ३२ ते ३५ इंच पडते. फळी जाड असावी. सागवान परवडले नाही तर बाभूळ किंवा साल चालतो. मेज भिंतीला पक्के जोडावे, कारण रंधा मारताना डुगडुगणारे मेज अर्धी शक्ती खाऊन टाकते.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. यंत्रांसाठी व हीटरसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी, चांगले अर्थिंग, आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण ही तीन कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत. उजेडाविषयी एक सूचना महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदास शंभर वेळा कमी-जास्त होतो. त्या प्रकाशात वेगाने फिरणारे यंत्र कधी कधी स्थिर भासते, आणि हात पुढे जातो. काही स्वस्त एलईडी दिव्यांतही हा दोष असतो. म्हणून लेथ किंवा ड्रिलजवळ न लुकलुकणारा चांगला दिवा लावावा.

थंडी, आणि एक सकाळ

आता मुख्य विषयाकडे वळतो. ज्यांनी ग्वाल्हेरचा पौष पाहिला नाही त्यांना मोटारखाना तापविण्याची गोष्ट चैनीची वाटेल. पण येथे पारा पाच अंशांखाली उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही, आणि लोखंडी हत्याराला हात लावला की बोटे बधिर होतात. बधिर बोटांनी धारदार हत्यार धरणे म्हणजे अपघाताला निमंत्रणच. शिवाय काम बिघडते ते वेगळेच. नेहमीचा पांढरा डिंक अशा थंडीत नीट धरत नाही; सांध्यात त्याची खडूसारखी पांढरी भुकटी होते. सुताराचा सरस तर फळी जुळविण्याआधीच थिजतो. पॉलिशही दिवस दिवस वाळत नाही.

नातीच्या बारशासाठी मी एक चौरंग करावयास घेतला होता. त्याचे दोन सांधे असेच थंडीने सुटले. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरची कोळशाची शेगडी खाली काढली, अंगणात निखारे चांगले लाल करून घेतले, धूर निघून गेल्यावर ती आत आणून ठेवली, आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लोटून त्याच्या फटीत गोधडी कोंबली. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी समजूत. माझा आठ वर्षांचा नातू स्टुलावर बसून खरकागदाने फळी घाशीत होता.

तासाभराने माझे डोके जड झाले. चहाची वेळ टळली म्हणून असेल, असे मी मनाशी म्हटले. नातू जांभया देत होता. तो पहाटे लवकर उठला होता, हेही कारण मला पुरेसे वाटले. थोड्या वेळाने त्याने फळी खाली ठेवली आणि मेजावर डोके टेकले. "आजोबा, मळमळतंय," एवढेच तो म्हणाला. मी त्याच्याकडे जावयास वळलो, तो माझेच पाय लटपटले.

इतक्यात आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. गोधडी आडवी असल्याने दार उघडेना, तेव्हा त्यांनी ते खांद्याने लोटले. "अहो, आत शेगडी आणि दार बंद? पोराचा चेहरा बघा!" एवढे बोलून त्यांनी नातवास उचलले आणि अंगणात आणले. मी भिंतीला धरून मागोमाग आलो. डॉक्टरांकडे नेल्यावर त्याला प्राणवायू दिला गेला आणि संध्याकाळपर्यंत तो खेळू लागला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. आयुष्यभर अभियंता म्हणून नोकरी केलेल्या माणसाला जे कळावयास हवे होते, ते चहाचा कप घेऊन आलेल्या बाईला दार उघडताच कळले.

कोळसा अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आणि गुंगी आली की मनुष्य दारापर्यंतही पोचू शकत नाही. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. त्या आपल्याविषयी आहेत असे आपणांस वाटत नाही. लाल निखाऱ्यांतून धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाहीत, हे प्रत्येक घरात सांगावयास हवे. बंद मोटारखान्यात मोटार किंवा स्कूटर चालू ठेवणेही तितकेच घातक आहे. कोणास असा त्रास झाला तर प्रथम त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि लागलीच रुग्णालय गाठावे. नुसते बरे वाटले म्हणून घरी थांबू नये.

मग ऊब आणावी कशी?

पहिला नियम असा, की ज्वाळा व निखारे आत आणूच नयेत. गॅसची शेगडीही नको. तिचा आणखी एक तोटा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड लोखंडावर दंवासारखी बसते आणि रंध्याला, करवतीला, यंत्राच्या पाट्याला एका रात्रीत गंज चढतो.

दुसरा नियम, ऊब आणण्याआधी असलेली ऊब राखावी. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी, आतून जाड पडदा, पन्हळी पत्र्याखाली खनिज लोकरीचा थर आणि त्याखाली जिप्समचे छत, एवढे केल्यावर आमच्या मोटारखान्याचा स्वभावच पालटला. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो. ठिणग्यांच्या जागी तो नको. हेच छत उन्हाळ्यात ४५ अंशांच्या तापातही उपयोगी पडते. त्यावर पत्र्याला वरून चुना मारला की आणखी फरक पडतो.

तिसरा नियम, सूर्यनारायणाचा उपयोग करावा. ग्वाल्हेर २६ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून अवघा ४० अंश वर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. म्हणून दक्षिणेच्या भिंतीत खिडकी काढून तिच्यावर दीड-दोन फुटांचा छज्जा दिला, की हिवाळ्याचे ऊन थेट मेजापर्यंत येते आणि उन्हाळ्याचे बाहेरच अडते. आम्ही कामाची वेळही बदलली. हिवाळ्यात पहाटेचा हट्ट सोडून अकरा ते तीन काम करतो.

एवढ्यानेही भागले नाही तर विजेचे साधन घ्यावे. पंख्याचा हीटर भुसा उडवितो, आणि तोच भुसा त्याच्या तापलेल्या तारेवर जाऊन बसतो, तो टाळावा. लाल सळईचा हीटर हवा न तापविता समोरच्या माणसास तापवितो, म्हणून फटीफटींच्या जागेत तो लवकर गुण देतो. पण तो भिंतीवर उंच, जाळीच्या आत आणि भुशापासून दूर बसवावा. सर्वांत निर्धोक तो तेल भरलेला हीटर. तो सावकाश तापतो, पण त्यात उघडी तार नसते. दोन हजार वॉटचे साधन तासाला दोन युनिटे वीज घेते. रोज तीन तास लावले तर सहा युनिटे. जागा नीट बंदिस्त केल्यावर आम्हांस त्याच्या निम्म्यानेच भागते. हीटर कधीही लांबणीच्या बारीक वायरीवर लावू नये. आणि त्याच जागेत स्कूटर ठेवत असाल तर ध्यानात असू द्या, की पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व जमिनीलगत पसरते. तेथे तापलेली सळई म्हणजे काडीच.

भिंतीवर आम्ही कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजविणारे एक लहानसे यंत्रही लावले आहे. आता आत काही जळत नाही, तरी ते राहू द्यावे असा सौ.चा आग्रह आहे, आणि तो मी मोडणार नाही.

थंडीच्या दिवसांतील आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून टाकतो. एक, फिरत्या यंत्राजवळ शाल, मफलर किंवा लोकरीचे हातमोजे घालून उभे राहू नये. लेथ त्यांना गुंडाळून माणसासकट ओढते. अंगाबरोबर बसणारा स्वेटर घालावा, बाह्या वर सारून घ्याव्यात. दोन, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना स्वतःच तापते आणि काडी न लावताही फडके पेटू शकते. अशी फडकी बाहेर पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालावीत.

तो चौरंग अखेर बारशाच्या आदल्या दिवशी पुरा झाला. सांधे दुपारच्या उन्हात जुळविले, म्हणून ते पक्के बसले. नातवाने त्याचे चारही पाय घासून गुळगुळीत केले आहेत. त्याच्या आईने त्याला पुन्हा मोटारखान्यात पाठविण्यास दोन महिने घेतले, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. ती प्रथम स्वतः आली, खिडकी उघडून पाहिली, घंटेच्या यंत्राची कळ दाबून तिचा आवाज ऐकला, आणि मग त्याला हाक मारली.

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी प्रथमच हत्यारांची पूजा झाली. पूर्वी त्या दिवशी आजोबांची गंजलेली तलवार आणि वडिलांची लेखणी पाटावर मांडली जाई. यंदा त्यांच्या शेजारी रंधा, पटाशी, कानस आणि गुण्या बसले. हळद-कुंकू वाहून झाल्यावर नातवाने झेंडूचे एक फूल उचलले आणि ते मोटारखान्याच्या दाराच्या कडीत खोचून, दार सताड उघडे ठेवून तो परत आला.